पुस्तक मिटल्यानंतरचा अभ्यास

२०२५ च्या अखेरीस काशीहून एक बातमी आली आणि मराठी घरांतल्या मोबाइलवर बरेच दिवस फिरत राहिली. अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या तरुणाने रामघाटावरच्या वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचं दंडक्रम पारायण पूर्ण केलं होतं. सुमारे दोन हजार मंत्र, सलग पन्नास दिवस आणि सगळं मुखोद्गत. पंतप्रधानांनी त्याचं जाहीर कौतुक केलं. दहावीचं वर्ष चालू असलेल्या कितीतरी मुलांना त्या आठवड्यात एकच वाक्य ऐकावं लागलं असणार, "बघ, शिक काहीतरी त्याच्याकडून!"

शिकायचं काय, ते मात्र सांगणाऱ्यालाही ठाऊक नसावं. बहुतेकांच्या मनात उत्तर एवढंच की, हा मुलगा खूप घोकतो, तूही घोक. इथेच गफलत आहे. काशीच्या वेदपाठशाळांमध्ये जे चालतं त्यातला घोकण्याचा भाग आपण उचलला आणि ज्यामुळे ते लक्षात राहतं तो भाग तिथेच ठेवून आलो.

रामघाटावरून गंगेच्या प्रवाहाबरोबर उत्तरेकडे चालत गेलं की थोड्या वेळात पंचगंगा घाट लागतो. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा संगम इथे मानतात. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगाच. वर बिंदुमाधवाचं देऊळ आहे, ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. शेजारी औरंगजेबाच्या काळातली मशीद. पुढे दुर्गाघाट, ब्रह्माघाट. या पट्ट्यातल्या गल्ल्यांत मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. पैठणच्या भट्ट घराण्याने सोळाव्या शतकात काशीत बस्तान बसवलं, त्याच घराण्यातल्या कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला आणि गागाभट्ट शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर आले. खुद्द एकनाथांनी आपलं भागवत पुरं केलं ते वाराणसीतच, शके १४९५ च्या कार्तिक पौर्णिमेला. महाराष्ट्रातला हुशार मुलगा ‘काशीला शिकायला गेला’ हे वाक्य तीनशे-चारशे वर्षं आपल्याकडे आजच्या आयआयटीच्या तोऱ्यात उच्चारलं जात होतं. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी विसाव्या शतकाच्या तोंडावर असेच काशीला पोचले, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी ती हकिकत लिहून ठेवली आहे.

तर या परिसरात विद्यार्थी अभ्यास करायचे कसा? आणि आजही करतात कसा?

सुरुवात संथेने होते. गुरुजी एक चरण म्हणतात, विद्यार्थी तो ठरलेल्या वेळा म्हणतात. स्वर चुकला की तिथल्या तिथे दुरुस्ती. हा भाग घोकण्याचाच आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण संहिता पाठ झाली म्हणजे शिक्षण संपलं असं होत नाही, उलट खरं काम तिथून सुरू होतं. मंत्राचे शब्द सुटे करून म्हणायचे, तो पदपाठ. मग जोड्या लावून म्हणायचं: पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं, हा क्रम. त्यापुढे आठ विकृती: जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन. जटेत प्रत्येक जोडी सरळ, उलट आणि पुन्हा सरळ येते. दंडात प्रत्येक टप्प्यावर आरंभापाशी परत यावं लागतं: एक-दोन, दोन-एक, एक-दोन, दोन-तीन, तीन-दोन-एक, मग एक-दोन, दोन-तीन, तीन-चार आणि चार-तीन-दोन-एक. असं करत ओळ लांबत जाते. सगळं संधिनियम आणि स्वर सांभाळून. देवव्रतने जे केलं ते हे.

ही कसरत कुणी हौसेने रचलेली नाही. लिहून ठेवायची सोय नसताना एकही अक्षर हलू नये म्हणून केलेला तो बंदोबस्त आहे. सरळ म्हणताना जीभ सवयीने पुढे सरकते, डोकं झोपलेलं असलं तरी. उलट म्हणताना झोपलेलं डोकं पकडलं जातं. युनेस्कोने २००३ मध्ये वैदिक पठण परंपरेला मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती या व्यवस्थेसाठीही होती.

आता दहावीच्या मुलाची संध्याकाळ पाहू. तो धडा वाचतो. पिवळ्या हायलायटरने ओळी रंगवतो. पुन्हा वाचतो. तिसऱ्या वेळी सगळं ओळखीचं वाटतं आणि त्याला वाटतं, आलं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं यांतलं अंतर परीक्षेच्या दिवशी उघडं पडतं, तेही कोऱ्या उत्तरपत्रिकेसमोर. घरी येऊन तो सांगतो, "सगळं येत होतं गं आई, पण ऐनवेळी आठवलंच नाही." मुलगा खोटं बोलत नसतो. त्याने पाहून ओळखण्याचा सराव केला होता आणि परीक्षेने न पाहता आठवायला सांगितलं.

अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याचाच प्रयोग करून पाहिला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे आपल्याला चांगलं लक्षात राहील असा जास्त भरवसा वाचणाऱ्या गटालाच होता. पुढे २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरणं या दोन पद्धती सगळ्यांत वर आल्या. ओळी रंगवणं आणि पुन्हा वाचणं खालच्या श्रेणीत गेलं. हायलायटर विकणाऱ्यांचा धंदा त्यामुळे बसला असं काही दिसत नाही.

काशीच्या पंडितांना हे आकडे नवे वाटले नसते. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्रावरच्या ग्रंथात वाईट पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा, मान डोलवत म्हणणारा, अर्थ न जाणणारा, आवाजात दम नसलेला आणि लिहिलेलं बघून वाचणारा. समोर पुस्तक धरून म्हणणं हा तिथे दोषच होता. आपल्या मुलांचा सगळा अभ्यास मात्र त्याच एका दोषावर उभा आहे.

आणखी एक चाल शास्त्र शिकणाऱ्यांसाठी होती, शलाका परीक्षा. ग्रंथाच्या पानांत एक बारीक काडी खुपसायची, जे पान निघेल तिथून विद्यार्थ्याने म्हणायचं आणि विवरण करायचं. कुठून सुरुवात होणार ते आधी माहीत नाही. संस्कृत स्पर्धांतून ही परीक्षा आजही घेतली जाते. तिच्यामागचा हिशेब साधा आहे: पहिल्या पानापासून म्हणणाऱ्याला मागची ओळ पुढची ओळ देत जाते, मधूनच सुरू करणाऱ्याला कुणी काही देत नाही. बोर्डाचा प्रश्नही असाच मधून येतो. ‘अवकाश मोहिमा’ हा धडा पहिल्या परिच्छेदापासून पाठ असलेल्या मुलाला उपग्रहाच्या क्रांतिक वेगाबद्दल अचानक विचारलं, तर तो मनात धडा पहिल्यापासून म्हणायला लागतो आणि घड्याळ पुढे सरकतं. घरी शलाका घ्यायला काही लागत नाही. पाठ्यपुस्तकात पट्टी घालायची, निघालेल्या पानावरच्या मथळ्याखाली काय आहे ते पुस्तक मिटून सांगायचं.

आता उजळणी कधी करायची? १८८५ मध्ये हर्मन एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करकरून विसरण्याचा आलेख काढला. पाठ केल्यानंतर पहिल्या काही तासांत आणि दिवसांत विस्मरण झपाट्याने होतं, मग वेग मंदावतो. म्हणून आज शिकलेलं उद्या एकदा, मग चार-पाच दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने आठवून पाहायचं. थोडं विसरायला होतं तेव्हाच आठवण्याला जोर लागतो, आणि जोर लागला तरच ते टिकतं. परीक्षेच्या आदल्या रात्री सहा तास केलेला अभ्यास आणि सहा आठवड्यांत एकेक तास करून केलेला अभ्यास कागदावर सारखा दिसतो, निकालात दिसत नाही.

पाठशाळेचं वेळापत्रकही याला पूरक निघालं. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे अनध्यायाचे दिवस, त्या दिवशी नवी संथा नाही. कारण धार्मिक होतं, पण फायदा डोक्याला होत होता. मनुस्मृतीत तर असाही नियम आहे की उत्सर्जनानंतर, म्हणजे वेदाध्ययनाचं सत्र संपल्यावर, शुक्ल पक्षात वेद म्हणावेत आणि कृष्ण पक्षात वेदांगं. म्हणजे पंधरवड्याने विषय बदलायचा. एका विषयाला महिनाभर सुट्टी न देता आणि एकाच विषयात महिनाभर न अडकता.

विषय, आणि विषयातल्या उदाहरणांचे प्रकार, आलटून पालटून घेण्याचा फायदा गणितात सगळ्यांत स्पष्ट दिसतो. रोहरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींची घनफळं काढायला शिकवली. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्याने सरमिसळ. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर घसरले, सरमिसळवाले ६३ वर होते. आपल्या दहावीच्या भूमितीतला महत्त्वमापनाचा धडा नेमका याच जातीचा आहे: शंकू, वृत्तचिती, गोल, शंकूछेद. सरावसंचात शंकूची दहा उदाहरणं ओळीने सोडवताना सूत्र कुठलं हा प्रश्नच पडत नाही, तो वरच्या मथळ्याने सोडवलेला असतो. परीक्षेत मथळा नसतो. तेव्हा गणिताच्या वहीत रोज तीन-चार धड्यांतून एकेक उदाहरण घ्यावं: वर्गसमीकरण, मग अंकगणिती श्रेढी, मग संभाव्यता. सुरुवातीला चुका वाढतील, मुलं वैतागतील. वैतागू द्यावं.

गणिताच्या बाबतीत काशीची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आधी नियमाचा श्लोक येतो आणि लगेच सोडवायला उदाहरण. श्लोक पाठ आणि उदाहरण येईना, अशाला तिथे गणिती म्हणत नसत. नगर जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या टोके गावचं घराणं असलेले बापूदेव शास्त्री नागपुरात ‘लीलावती’ आणि बीजगणित शिकले आणि १८४२ पासून बनारसच्या संस्कृत कॉलेजात गणित आणि ज्योतिष शिकवू लागले. हे कॉलेज बनारसचा ब्रिटिश रेसिडेंट जोनाथन डंकन याने १७९१ मध्ये काढलं होतं. आजचं संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय ते हेच. त्याच्या मूळ नियमांत विद्यार्थ्यांची वर्षातून चार वेळा रेसिडेंटसमोर परीक्षा घ्यावी असं कलम होतं. चाचणी वर्षाच्या शेवटी एकदाच घेऊन भागत नाही, हे सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या साहेबालाही कळलं होतं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर पाठशाळेची आरती ओवाळायचा माझा विचार नाही. या शिक्षणातला मोठा दोष तिथल्याच थोरांनी सांगून ठेवला आहे. यास्काने निरुक्तात अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला ओझं वाहणारा खांब म्हटलं आहे. पाणिनीय शिक्षेच्या यादीतही अर्थ न जाणणारा आहेच. शिवाय ही विद्या मूठभरांचीच होती. याच पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर, आख्यायिका सांगते त्याप्रमाणे, विणकराच्या घरचे कबीर पहाटेच्या अंधारात आडवे झाले, रामानंदांचा पाय लागावा आणि त्यांच्या तोंडून निघालेला ‘राम’ हाच गुरुमंत्र म्हणून मिळावा म्हणून. एका शब्दासाठी असं करावं लागत होतं. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. पाठशाळेच्या पठणाने मेंदू मोठा होतो अशी संदेशांतून फिरणारी गोष्टही जपून घ्यावी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेदपंडितांच्या मेंदूच्या काही भागांत जास्त करडा द्रव्यभाग आढळला हे खरं, पण पाहिलेले पंडित होते २१. पठणामुळे मेंदू तसा झाला की तसा मेंदू असलेले पठणात टिकले, हे एका वेळच्या छायाचित्रावरून ठरत नाही.

तेव्हा अर्थ आधी, पाठांतर मग. रासायनिक समीकरण पाठ करण्यापूर्वी ते संतुलित का करावं लागतं हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवं. सांगता आलं की मग दंडाची युक्ती वापरावी: अभिकारकांवरून उत्पादितं सांगायची, मग उत्पादितं देऊन अभिकारक विचारायचे. इतिहासात कारणावरून परिणाम आणि परिणामावरून कारण. दोन्ही दिशांनी आलं तर आलं.

आता परीक्षेच्या खोलीत जाऊ. शिक्षा ग्रंथाने घाईने म्हणणाऱ्याला दोषी ठरवलं आहे, पण आपल्याकडचं दुखणं थोडं वेगळं: पहिल्या तासात निवांतपणा आणि शेवटच्या अर्ध्या तासात घाई. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला गणित आणि विज्ञानाचे दोन-दोन भाग, प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. भाषेचा ८० गुणांचा पेपर तीन तासांचा, म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं. हा भागाकार मुलांनी एकदा स्वतः करावा आणि घड्याळ लावून पेपर सोडवताना वापरावा. दोन गुणांच्या प्रश्नावर बारा मिनिटं गेली तर ती कुठल्या तरी चार गुणांच्या प्रश्नातून गेलेली असतात. २०२३ पासून मंडळ वेळ संपल्यावर दहा मिनिटं वाढवून देतं. ती उरलेलं लिहिण्यासाठी गृहीत धरू नयेत; प्रश्नक्रमांक, एककं, ऋण चिन्हं आणि पुरवण्या तपासायला ठेवावीत.

प्रश्नपत्रिका हातात आली की आधी सगळी वाचावी. जे पक्कं येतं त्यापासून सुरुवात करावी. अडलेला प्रश्न खूण करून सोडावा, कारण दुसरं काही लिहिताना तो बऱ्याचदा आपोआप सुचतो. ‘कारणे लिहा’ला व्याख्या लिहून आणि ‘फरक स्पष्ट करा’ला दोन वेगळे परिच्छेद लिहून गुण जातात, उत्तर येत असूनही जातात, याचंच वाईट वाटतं. गणितात पायऱ्यांना गुण असतात, तेव्हा शेवटचं उत्तर चुकेल या भीतीने सगळं खोडू नये. आणि आदल्या रात्री झोपावं. जागरणाने मिळवलेली चार पानं बाकीची चाळीस पानं अंधुक करतात.

भीतीवर रामबाण इलाज नाही. पण बरीचशी भीती अनोळखीपणाची असते. जो मुलगा डिसेंबरपासून दर रविवारी सकाळी अकराला, टेबलावर फक्त पेन, पट्टी आणि घड्याळ ठेवून मागच्या वर्षांची प्रश्नपत्रिका पूर्ण सोडवतो, त्याला मार्चमधली खोली पहिल्यांदा पाहिल्यासारखी वाटत नाही. अपेक्षित प्रश्नसंच घरात असेल तर असू द्या, मात्र त्यातली उत्तरं वाचण्याआधी स्वतःची लिहून काढायची अट घाला. चुकलेल्या प्रश्नांची एक वेगळी वही करा. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांत उपयोगाचं पुस्तक तेच ठरतं.

पालकांना एक विनंती. पाठशाळेत म्हणणाऱ्यासमोर ऐकणारा असतो आणि घरात तो नसतो, म्हणून अर्धा अभ्यास फुकट जातो. तुम्हाला विज्ञान येत नसलं, इंग्रजी माध्यमाचं पुस्तक वाचताना अडखळत असाल, तरी चालेल. रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं पुस्तक तुमच्या हातात घ्या, मधलं एखादं पान उघडा आणि विचारा. तो काय सांगतो ते पुस्तकाशी ताडून पाहा. अडला तर रागावू नका, लगेच उत्तरही सांगू नका. मिनिटभर आठवू द्या. ‘अभ्यास झाला का?’ हा रोजचा प्रश्न बंद करून हे सुरू करा.